नॉबला हात न लावता

विरार स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून नंदाखालच्या बसची वाट बघत असाल, तर जवळच्या एखाद्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात डोकावून बघा. काउंटरवर सोल्डरिंगची गन, भिंग, चिमटे आणि त्यांच्यामागे एक जडसर डबा दिसेल. डब्याच्या तोंडावर चमकणारे आकडे, दोन-चार नॉब आणि खाली एक लाल, एक काळी अशा दोन वायरी. बंद पडलेला फोन हाती आला की कारागीर त्याची बॅटरी बाजूला करतो, तिच्या जागी या वायरींच्या क्लिपा लावतो आणि फोनऐवजी आकड्यांकडे बघत बसतो. थोड्याच वेळात निकाल लागतो, ‘काका, बोर्ड शॉर्ट आहे.’

हा डबा म्हणजे डीसी पॉवर सप्लाय. टेबलावर ठेवून वापरायचा, म्हणून बेंच पॉवर सप्लाय. कारागिराने त्यावर चार व्होल्टच्या आसपास दाब लावलेला असतो, कारण फोनच्या बॅटरीचा दाबही साधारण तेवढाच. चालू करायचं बटण दाबायच्या आधीच करंट उसळला, तर बोर्डवर कुठेतरी वाट नसलेल्या ठिकाणी वाट तयार झाली आहे. बटण दाबूनही करंट शून्यावरच राहिला, तर वाट कुठेतरी तुटली आहे. आणि करंट थोडा चढून, थबकून पुन्हा खाली आला, तर फोन जागा व्हायचा प्रयत्न करतोय, पण मध्येच अडतोय. सरावलेला माणूस त्या दोन आकड्यांवरून अर्धं निदान करतो.

दुकानातल्या साध्या डब्याच्या पाठीमागे मेन्सची वायर तेवढी असते. पण थोड्या महागड्या डब्याच्या मागे, पंख्याच्या जाळीशेजारी, नऊ पिनांचं एक सॉकेट असतं. बहुतेक ठिकाणी त्यात धूळ साठलेली. मॅन्युअल सांगतं की तिथे संगणक जोडा, ‘व्होल्ट ५’ असं लिहून पाठवा, आणि डबा पाच व्होल्ट देऊ लागेल.

नॉब मात्र जागचा हलत नाही. त्याच्यामागे मोटर नाही, पट्टा नाही. मग टाइप केलेल्या अक्षरांनी विजेचा दाब बदलतो तो कसा?

पाटावरचा राखणदार

आधी डब्याच्या पोटात शिरू. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारी. ट्रान्सफॉर्मर तिला खाली आणतो, डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात आणि एक मोठा कपॅसिटर तिच्यातले चढउतार बरेचसे भरून काढतो. समजा, इथे २० व्होल्ट जमा झाले. हा साठा कच्चा आहे. महावितरणची लाइन खाली-वर झाली की तोही खाली-वर होणार, आणि बाहेर जोडलेल्या यंत्राने जास्त करंट ओढला की खचणार.

वसईच्या वाड्यांमध्ये बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, पाणी पाटाने फिरवतात. समजा, पाटाच्या तोंडाशी एक फळी आहे आणि तिच्यापाशी एक राखणदार बसला आहे. पाटात एक काठी रोवलेली आणि काठीवर खडूची खूण. त्याला एवढंच सांगितलंय की पाणी खुणेवर राहू दे. खाली कोणी दोन वाफे जास्त उघडले आणि पाणी खुणेखाली गेलं, तर तो फळी थोडी उचलतो. वाफे बंद झाले, पाणी चढलं, तर फळी दाबतो. बावखल भरलेलं आहे की अर्धं, याची त्याला फिकीर नाही.

डब्यात फळीचं काम एक जाडजूड ट्रान्झिस्टर करतो. तो कच्च्या साठ्याच्या आणि बाहेरच्या लाल वायरीच्या मध्ये बसतो आणि कमी-जास्त वीज जाऊ देतो. राखणदार म्हणजे एक छोटी चिप. तिच्या एका पायावर खुणेचा दाब असतो, दुसऱ्यावर प्रत्यक्ष बाहेर जाणाऱ्या दाबाचा ठरावीक हिस्सा. दोहोंत फरक पडला की ती ट्रान्झिस्टरला उघडते किंवा आवळते. चांगल्या डब्यात बाहेरचा भार अचानक बदलला तरी दाब ५० मायक्रोसेकंदांच्या आत पुन्हा जागेवर येतो. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

या पद्धतीची किंमत उष्णतेत मोजावी लागते. साठ्यात २० व्होल्ट, बाहेर ५ व्होल्ट आणि करंट २ अँपिअर असेल, तर मधले १५ व्होल्ट ट्रान्झिस्टरलाच पचवावे लागतात. १५ गुणिले २, म्हणजे ३० वॉट नुसती धग. उपयोगी पडले ते १० वॉट. पाठीमागची ॲल्युमिनियमची पाती आणि घोंघावणारा पंखा त्यासाठीच. बरेच डबे ही धग कमी करायला गरजेनुसार ट्रान्सफॉर्मरची वेगळी टोकं निवडतात. दाब वाढवताना मध्येच आतून ‘टक्’ असा रिलेचा आवाज येतो, तो त्या अदलाबदलीचा.

डब्यात राखणदार एक नसून दोन असतात. दुसऱ्याची नजर करंटवर. तुम्ही मर्यादा अर्ध्या अँपिअरवर ठेवली आणि बोर्ड शॉर्ट निघाला, तर हा दुसरा पहिल्याच्या हातून फळी काढून घेतो आणि दाब वाटेल तेवढा पाडून करंट अर्ध्या अँपिअरवर धरून ठेवतो. तोंडावरचा ‘सीव्ही’चा दिवा विझून ‘सीसी’चा लागतो. सीव्ही म्हणजे दाब कायम, सीसी म्हणजे करंट कायम. मोबाइल कारागिराच्या हातून आधीच मेलेला फोन पुन्हा जळत नाही, तो या दुसऱ्यामुळे.

आता आपल्या कोड्याकडे. तुम्ही नॉब फिरवता तेव्हा फळीला तुमचा हात लागतच नाही. नॉबने खूण तेवढी वर-खाली होते. ट्रान्झिस्टर उघडायचा की आवळायचा, हे त्यानंतर चिप ठरवते. म्हणजे संगणकाला नॉब फिरवायची गरजच नव्हती. खूण हलवता आली की झालं.

आकड्याची खूण

खूण म्हणजे अखेर एक छोटासा, पण स्थिर असा दाब. जुन्या डब्यात तो नॉबखालच्या बदलत्या रेझिस्टरमधून मिळतो. संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या डब्यात ती जागा ‘डॅक’ नावाच्या चिपने घेतलेली असते. तिला आकडा द्यायचा, ती त्या प्रमाणात दाब देते. बारा बिटांची, म्हणजे बारा शून्य-एक वाचणारी, चिप असेल, तर ० ते ४०९५ असे ४०९६ आकडे तिला कळतात. डबा ३० व्होल्टचा असेल, तर दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर ३० भागिले ४०९६, म्हणजे साधारण ७.३ मिलिव्होल्ट. याहून बारीक फरक या डब्याला करताच येणार नाही, मग पडद्यावर दशांश चिन्हानंतर कितीही आकडे असोत. विकत घेताना हे विचारावं. दुकानदार बहुधा सांगत नाही.

उलट दिशेने काम करणारी चिप ‘एडीसी’. ती बाहेरचा दाब आणि करंट मोजून त्यांचे आकडे करते. मधे एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसलेला असतो. तो आलेला हुकूम वाचतो, डॅकला आकडा देतो, एडीसीकडून आकडे घेतो, पडद्यावर दाखवतो. अशा डब्याचा नॉबही प्रत्यक्षात खुणेला जोडलेला नसतो. तो फिरवला की मायक्रोकंट्रोलरला ‘एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे’ एवढंच कळतं. तुमचा हात आणि संगणक, दोघेही एकाच कारकुनाकडे अर्ज करतात.

एका तारेवरून एकेक अक्षर

हा अर्ज जातो त्या सॉकेटला सिरियल पोर्ट म्हणतात आणि त्याच्या नियमाचं नाव आरएस-२३२. अमेरिकेत १९६० साली हा नियम ठरला, तो टेलिप्रिंटर आणि मोडेम एकमेकांना जोडायला. त्याची १९६९ ची ‘सी’ आवृत्ती पुढे सगळीकडे रुजली. मूळ सॉकेट २५ पिनांचं. आपल्याला माहीत असलेलं नऊ पिनांचं आलं ते १९८४ च्या आयबीएम पीसी-एटी संगणकाबरोबर. त्या नऊपैकी तीन पिनांवर काम भागतं. दोन नंबरवर ऐकायचं, तीन नंबरवर बोलायचं आणि पाच नंबर दोघांची समाईक जमीन.

बोलायची पद्धत गमतीची आहे. तारेवर काही चाललेलं नसतं तेव्हा तिच्यावर उणे दाब असतो, उणे ३ ते उणे १५ व्होल्टच्या दरम्यान. त्याचा अर्थ ‘एक’. अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ‘शून्य’. मधला पट्टा कोणाचाच नाही, तिथे सापडलेला दाब काहीच सांगत नाही. उलटं वाटतं खरं, पण विश्रांतीच्या वेळीही तारेवर दाब असल्याने तार तुटली तर ते कळतं.

आता ‘व्होल्ट’ या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर, व्ही, पाठवायचं आहे. संगणकाच्या अक्षरयादीत त्याचा क्रमांक ८६. तो शून्य-एकच्या भाषेत लिहिला की ०१०१०११०. पाठवणारा आधी तार एका ठरावीक काळापुरती ‘शून्य’वर नेतो. ही सूचना, की अक्षर येतंय. मग आठ बिट एकामागोमाग, पण शेवटच्या टोकाकडून: ०, १, १, ०, १, ०, १, ०. आणि शेवटी पुन्हा ‘एक’, म्हणजे अक्षर संपलं. एका अक्षराला असे दहा काळ.

प्रत्येक काळ किती लांबीचा, हे तारेवर कुठेही लिहिलेलं नसतं. घड्याळाची वेगळी तार नाही. दोघांनी आधीच ठरवलेलं असतं, समजा सेकंदाला ९६०० बिट. मग एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा. ऐकणारा सुरुवातीची सूचना मिळताच आपलं घड्याळ लावतो आणि प्रत्येक काळाच्या मधोमध तारेकडे बघतो. दोघांच्या घड्याळांत थोडा फरक असला तरी दहा बिटांत तो फारसा साठत नाही, आणि पुढच्या अक्षराला घड्याळ नव्याने लागतं. दोन्हीकडचा फरक मिळून पाच टक्क्यांच्या आत राहिला तर निभावतं. पण एकाने ९६०० आणि दुसऱ्याने १९२०० धरलं, तर पलीकडे निव्वळ कचरा पोचतो. सेटिंग चुकल्यावर पडद्यावर दिसणारी ती विचित्र चिन्हं म्हणजे चुकीच्या क्षणी बघितलेली बरोबर अक्षरंच.

या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरं जातात. ‘व्होल्ट ५’ या हुकमात स्पेलिंगची चार अक्षरं, एक मोकळी जागा, एक आकडा आणि ओळ संपल्याची खूण, अशी सात अक्षरं. म्हणजे ७० बिट, सुमारे ७.३ मिलिसेकंद. हा आकडा राखणदाराच्या ५० मायक्रोसेकंदांशेजारी ठेवून बघा. हुकूम पोचेपर्यंत आतल्या राखणदाराने फळी दीडशे वेळा सावरली असती. संगणकाने मोजायचं, विचार करायचा आणि तारेवरून ‘उघड, आवळ’ सांगत राहायचं, अशी रचना केली असती तर पहिल्याच धक्क्याला बोर्ड जळाला असता. साठीच्या दशकातली ही मंद तार पॉवर सप्लायला आजही पुरते, कारण घाईचं काम तिच्यावर टाकलेलंच नाही. तिच्यावरून फक्त खुणा जातात.

हुकमांची भाषा

अक्षरं पोचली तरी ती समजायला हवीत. सत्तर-ऐंशीच्या दशकांत प्रत्येक कंपनीचे हुकूम वेगळे असत. एक डबा बदलला की सगळा प्रोग्रॅम नव्याने लिहा. १९९० मध्ये मोजमापाच्या उपकरणांसाठी एक समाईक भाषा ठरली, एससीपीआय. जाणकार तिला ‘स्किपी’ म्हणतात. तिच्यात ‘व्होल्ट’नंतर आकडा लिहिला की दाब ठरतो, ‘कर’नंतर आकडा लिहिला की करंटची मर्यादा ठरते, इथे ‘कर’ हे करंटचं आखूड रूप. ‘आउटपुट ऑन’ म्हटलं की बाहेरची वाट खुली. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की तो हुकूम राहत नाही, प्रश्न होतो, आणि डबा आकडा परत पाठवतो. तारांकन, आयडीएन आणि प्रश्नचिन्ह एवढं लिहिलं की डबा आपली कंपनी, मॉडेल आणि आवृत्ती सांगतो. कुठलाही डबा जोडल्यावर पहिलं वाक्य हेच असावं. उत्तर आलं तर केबल, वेग, भाषा, सगळं एका झटक्यात तपासून झालं.

समाईक भाषेलाही बोली असतात. प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं दिसणारा ई-३६३१-ए हा तीन आउटपुटांचा सप्लाय घ्या. आधी एचपी, मग एजिलेंट आणि आता कीसाइट अशी नावं त्याच्यावर आली. आरएस-२३२ वरून बोलताना त्याला आधी ‘सिस्टिम रिमोट’ हा हुकूम द्यावा लागतो. तो अक्षर संपल्याचे बिट एकाऐवजी दोन धरतो आणि चार व सहा नंबरच्या पिनांवर ‘थांब, बोल’ अशी खाणाखुणाही मागतो. तीन तारांची केबल लावून बसलेला माणूस त्याच्यापुढे हैराण होतो.

उलट टोकाला कोराड कंपनीचा ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा केए-३००५-पी. जगभर वेगवेगळ्या नावांनी विकला जाणारा हा स्वस्त डबा स्किपी बोलत नाही. त्याचे हुकूम स्वतःचे आहेत आणि त्याला ओळ संपल्याची खूणही लागत नाही. पाठवणारा थांबला की वाक्य संपलं असं तो धरतो. त्यामुळे दोन हुकूम न थांबता पाठवले की दोन्हींची खिचडी होते. मध्ये थोडा श्वास घ्यावा लागतो. मला स्वतःला ही रचना आवडत नाही, पण किमतीकडे बघून गप्प बसावं लागतं.

प्रोग्रॅम लिहिणं हा यातला सोपा भाग. पायथन भाषेत पायसिरियल नावाचं तयार, फुकट पॅकेज आहे. पोर्ट उघडा, वाक्य लिहा, उत्तर वाचा. सगळं मिळून दहा-पंधरा ओळी. मॅन्युअलचं ‘रिमोट इंटरफेस’ हे प्रकरण वाचायला त्याहून जास्त वेळ लागतो आणि तो द्यावाच.

ठाणे आणि पवई

असे डबे बाहेरूनच यायचे, अशी समजूत असेल तर ती सोडायला हवी. प्रभाकर देवधर यांनी १९६२ मध्ये ठाण्यात अप्लाइड इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे पुढची ॲपलॅब, सुरू केली आणि मोजमापाची उपकरणं व पॉवर सप्लाय इथेच घडवायला घेतले. पुढे राजीव गांधींच्या काळात देवधर देशाच्या इलेक्ट्रॉनिक्स कमिशनचे अध्यक्ष झाले.

सिरियल पोर्टवरून विजेला वेसण घालण्याचं आपल्या भागातलं सर्वांत बोलकं उदाहरण मात्र पॉवर सप्लायचं नाही. ते आहे पवईच्या आयआयटी मुंबईतलं, प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या गटाने तयार केलेलं ‘सिंगल बोर्ड हीटर सिस्टिम’. पोलादाची एक छोटी पट्टी, तिच्याजवळ नायक्रोमची तापणारी तार, समोर संगणकातला असतो तसा पंखा आणि तापमान सांगणारा सेन्सर. एवढंच. संगणक सिरियल पोर्टवरून आकडे पाठवतो: २५४ पाठवून पुढचा आकडा दिला की हीटर तेवढा पेटतो, २५३ नंतरचा आकडा पंख्याचा, आणि २५५ पाठवला की तापमान परत येतं. अक्षरांची भाषा नाही, नुसते आकडे. नियंत्रणशास्त्र शिकणारे विद्यार्थी सायलॅब या मुक्त प्रणालीत आपला प्रोग्रॅम लिहून ती पट्टी ठरलेल्या तापमानावर धरून ठेवायचा प्रयत्न करतात. ही उपकरणं इंटरनेटवरूनही खुली केली गेली, त्यामुळे दूरच्या कॉलेजातल्या मुलाला पवईतली पट्टी तापवता आली.

पॉवर सप्लायपेक्षा इथे एक गोष्ट नेमकी उलटी आहे. या पेटीत राखणदार नाही. तापमान वाचायचं, खुणेशी ताडायचं, हीटर कमी-जास्त करायचा, हे सगळं विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमने करायचं. तो चुकला तर पट्टी तापत राहील. आणि हे चालतं, कारण पोलादाची पट्टी सावकाश तापते, सावकाश निवते. सेकंदाला एकदा बघितलं तरी उशीर होत नाही. विजेच्या दाबाला ५० मायक्रोसेकंद पुरतात, म्हणून त्याचा राखणदार डब्यात. तापमानाला सेकंद लागतात, म्हणून त्याचा राखणदार संगणकात बसू शकतो. मध्ये तार मात्र तीच.

केबलची भानगड

वसई पूर्वेच्या वालीव-गोखिवरेच्या गाळ्यांमध्ये चार्जर किंवा एलईडीचे ड्रायव्हर तपासणाऱ्या माणसाला विचारा: प्रोग्रॅमपेक्षा जास्त वेळ केबल खाते. लॅपटॉपवरचा नऊ पिनांचा पोर्ट कधीच गेला. आता यूएसबीतून सिरियल करणारी वायर लागते. ती लावली की विंडोजमध्ये ‘कॉम ३’ किंवा ‘कॉम ४’ असा एक पोर्ट उगवतो आणि प्रोग्रॅमला तो जुन्या पोर्टासारखाच वाटतो.

> चौकट: जोडण्याआधी
>
> दोन्ही टोकं तीन नंबरवरच ‘बोलणारी’ असतील तर दोन आणि तीन नंबरच्या तारा एकमेकींत ओलांडलेल्या हव्यात. अशा केबलला नल मोडेम केबल म्हणतात. सरळ केबल हवी की ओलांडलेली, हे मॅन्युअलमध्ये असतं.
>
> वेग, डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याचा ‘एक’): चारही दोन्हीकडे सारखे. ९६००, ८, पॅरिटी नाही, १ हे सर्वांत जास्त दिसणारं सेटिंग.
>
> मायक्रोकंट्रोलरसाठीची ३.३ किंवा ५ व्होल्टची यूएसबी-सिरियल पट्टी आरएस-२३२ च्या सॉकेटला थेट लावू नये. अर्थ उलटे आणि दाब जास्त, त्यामुळे पट्टी जळू शकते. मधे मॅक्स-२३२ सारखी चिप लागते. ती ५ व्होल्टपासून अधिक आणि उणे असे दोन्ही दाब स्वतःच तयार करते.
>
> केबल जुन्या नियमाप्रमाणे १५ मीटरपर्यंत.

पाच नंबरच्या पिनेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ती तार डेस्कटॉप संगणकाच्या बाजूने बहुधा घराच्या अर्थिंगला जोडलेली असते. पॉवर सप्लायचं आउटपुट मात्र मुद्दाम अधांतरी ठेवलेलं असतं. लाल आणि काळी, दोन्ही टोकं जमिनीपासून सुटी, म्हणजे दोन सप्लाय एकावर एक जोडता येतात. सिरियल पोर्टने काळं टोक गुपचूप जमिनीला बांधलं, तर ही मोकळीक जाते आणि नको त्या वाटेने करंट फिरू लागतो. म्हणून चांगल्या डब्यात पोर्ट आणि आउटपुट यांच्यामध्ये ऑप्टोकपलर असतो. एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. निरोप उजेडाने पलीकडे जातो, वीज जात नाही. स्वस्त किंवा घरी जुळवलेल्या डब्यात हा आहे का, हे डबा बंद असताना मीटरने पाहून घ्यावं: पोर्टची पाच नंबरची पिन आणि काळं टोक यांच्यात जोड दिसला, तर जपून.

नंदाखालसारख्या गावात आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. राजोडी-अर्नाळ्याचा किनारा जवळ. पावसाळ्यात पिनांवर हिरवट थर चढतो आणि काल चाललेली केबल आज मुकी होते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि प्लग दोन-चार वेळा काढून घालणं, हा त्यावरचा उपाय.

नाताळचा तारा आणि रात्रीची बॅटरी

हाताने भागत असताना एवढा खटाटोप कशासाठी? नाताळच्या आधी गावोगावी तारे आणि गोठे सजवणारी पोरं एलईडीच्या ढिगाशी झुंजत असतात, तिथलंच उदाहरण घेऊ. एखाद्या एलईडीला किती दाब दिला की ती किती करंट घेते, याचा आलेख हवा आहे. ० ते ३.४ व्होल्ट, प्रत्येक पाऊल ०.०५ व्होल्टचं, म्हणजे ६९ नोंदी. हाताने नॉब फिरवून, वाचून, वहीत लिहून कंटाळा येतो आणि कंटाळलेल्या हाताच्या नोंदी चुकतात. संगणक प्रत्येक पावलाला अर्धा सेकंद थांबला, तरी मिनिटाच्या आत आलेख तयार. पांढरी किंवा निळी एलईडी तीन व्होल्टच्या अलीकडे जवळजवळ झोपलेली आणि त्यानंतर एकदम उसळणारी, हे डोळ्यांनी दिसतं. करंटची मर्यादा आधीच २० मिलिअँपिअरवर ठेवलेली, त्यामुळे ती उसळली तरी जळत नाही. एक उणीव मात्र आहे. स्वस्त डबा करंट एकेक मिलिअँपिअरच्या पावलानेच वाचतो, त्यामुळे आलेखाचं सुरुवातीचं नाजूक वळण त्याला दिसतच नाही. तेवढ्यासाठी वेगळा मीटर लागतो.

दुसरं काम वेळखाऊ, लिथियम सेल भरण्याचं. समजा २६०० मिलिअँपिअर-तासांचा नेहमीचा सेल आहे. दाब ४.२ व्होल्ट आणि मर्यादा १.३ अँपिअर लावली की डबा सगळं आपणच करतो. आधी करंटवाला राखणदार १.३ अँपिअर धरून ठेवतो, सेल भरत आला की दाबवाला ताबा घेतो आणि करंट हळूहळू उतरू लागतो. तो १३० मिलिअँपिअरवर, म्हणजे क्षमतेच्या विसाव्या हिश्शावर आला की सेल भरला. संगणकाचं काम दर दहा सेकंदांनी आकडा लिहून ठेवायचं आणि शेवटी ‘बंद’ म्हणायचं. तो ‘बंद’ मात्र महत्त्वाचा, कारण डबा स्वतःहून थांबणार नाही.

इथेच या सगळ्या रचनेची दुखरी बाजू दिसते. संगणक हँग झाला, अपडेट घेऊन आपोआप पुन्हा सुरू झाला, कोणी यूएसबी उपटली, तर डब्याला ते कळत नाही. खूण शेवटी जिथे सांगितली तिथेच राहते आणि राखणदार इमानाने तीच सांभाळत बसतो. सेल ४.२ व्होल्टच्या वर जाणार नाही, पण तासन्‌तास त्या दाबावर लटकत राहील. काही डब्यांत यासाठी पहारेकरी घड्याळ असतं: ठरलेल्या वेळात संगणकाकडून काहीच आलं नाही, तर आउटपुट तोडायचं. नसेल, तर प्रोग्रॅममध्ये अशी सोय करावी की तो कुठल्याही कारणाने मध्येच अडखळला तरी बाहेर पडताना आधी ‘आउटपुट बंद’ पाठवेल. वीजच गेली तर हीदेखील सोय निरुपयोगी, आणि आपल्याकडे जून-जुलैत ती जातेच. डबा मेला की भरलेला सेल उलट डब्यातच करंट सोडू लागतो. त्यासाठी मधे एक डायोड घालतात. त्यात थोडा दाब खर्च होतो, म्हणून दाबाची मोजणी डायोडच्या पलीकडे, सेलपाशी करावी लागते. सेन्सच्या दोन वेगळ्या तारा असलेल्या डब्यात हे जमतं.

हुकमांचा क्रमही ठरलेला असावा. आधी दाबाची कमाल मर्यादा, जी ओलांडली की डबा स्वतःच वाट तोडतो, मग करंटची मर्यादा, मग दाब, मग तेच आकडे परत विचारून ताडून बघायचे, आणि ते जुळले तरच ‘आउटपुट ऑन’. लिथियमचा सेल असेल तर प्रोग्रॅम कितीही चोख असो, घरात कोणी जागं असतानाच तो चालवावा, आणि सेल लाकडी टेबलावर न ठेवता फरशीवर ठेवावा.